भिंतीमागचा समुद्र

कराडहून निघताना आमच्या सामानात दोन वस्तू अशा होत्या, ज्या प्रवासाला सहसा कोणी नेत नाही: एक मोजपट्टी आणि एक ताणकाटा. मंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या दोनदा बाहेर काढल्या आणि मी दोनदा परत ठेवल्या. एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतून हिंडलेला माणूस निवृत्त झाला म्हणून लगेच डोळे मिटून भाजी घेऊ लागत नाही. "तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही," मंदा म्हणाली. मी म्हटलं, वजनं तर ओळखतात.

चेन्नईला जायचं मंदाच्या मनात फार दिवस होतं, आणि त्यामागचं कारण एवढंसंच होतं. आम्ही कोकणात किती वेळा गेलो याची गणती नाही. तिथे सूर्य समुद्रात बुडतो, आपण भेळ खातो आणि मुक्कामावर परत येतो. मंदाला सूर्य समुद्रातून वर येताना पाहायचा होता. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वाळूत चार पावलं टाकणंही तिला जड जातं, म्हणून तिने ठरवलं की घरच असं घ्यायचं जिथल्या गॅलरीत बसून, हातात कप घेऊन, सगळं दिसेल. महिनाभर फोनवर घरं पाहून तिने एक पसंत केलं. तिरुवान्मियूर भागात, दुसरा मजला, लिफ्ट, पाच रात्री. फोटोत गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे नुसता निळा समुद्र. रात्रीचे साडेतीन हजार मला जास्त वाटले होते, पण त्या फोटोपुढे माझं काही चाललं नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने चारशे सांगितले. मी मीटरकडे बोट दाखवलं. "मीटर रिपेर, सार," तो हसून म्हणाला. मी वाकून मीटरचं सील पाहिलं, ते शाबूत होतं, आणि तसं त्याला खुणेने सांगितलंही. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग मंदाकडे, आणि मीटर टाकला. उतरताना तीनशे चाळीस झाले. मी साडेतीनशे दिले तर त्याने दहा परत केले. शहराविषयी माझं मत तिथेच चांगलं झालं.

घराची किल्ली समोरच्या दारात राहणाऱ्या बाईंकडे होती. सत्तरीच्या, बारीक, ताठ, नेसूची सुती साडी आणि केसांत मोगऱ्याचा तुकडा. मी माझ्या हिंदीत नाव सांगितलं. त्यांनी मान हलवून किल्ली दिली आणि आमच्यामागून आत आल्या. मंदा बॅग टाकून थेट गॅलरीकडे गेली, तिने पडदा सरकवला आणि तशीच उभी राहिली. वेताच्या खुर्च्या होत्या. त्यांच्या पलीकडे भिंत होती. पिवळ्या रंगाची, चार मजली, मधोमध सांडपाण्याचा पाइप.

"अहो," मंदा म्हणाली, "समुद्र कुठाय?"

उत्तर मागून आलं. "समुद्र आहे, वैनी. त्या भिंतीमागें आहे."

आम्ही दोघंही वळलो. बाईंना आमच्या चेहऱ्यांची मजा वाटली असावी. "अमी तंजावरचे," त्या म्हणाल्या. "अमचे लोक तिकडून आले त्याला तीनशे वर्सं झालीं. घरांत अजून हेंच बोलतों. बाहेर अस्के (सगळे) तमिळच." त्यांचं नाव तुळजाबाई. शहराबाहेरच्या आवडी या गावी एका सरकारी कचेरीत त्या टायपिस्ट होत्या, नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. हे घरही त्यांचंच, पण भाड्याने देण्याचं काम ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात इंजिनिअर असलेला भाचा मुरळी पाहायचा. फोनवर काय लिहिलंय, कुठला फोटो लावलाय, हे त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "बसा. काफी आणतें," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणालो.

इथे एक खुलासा करायला हवा. ज्या दुकानाची तपासणी करायची, तिथलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा माझा नोकरीतला नेम होता. चहा घेतला की माप थोडं बरोबर दिसायला लागतं, हे मी इतरांचं पाहिलेलं आहे. त्या भिंतीकडे पाहताक्षणीच हे प्रकरण तपासणीचं झालं होतं. पैसे परत मागायचे तर कॉफी घेता येत नाही. मंदाने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो इथे लिहीत नाही. तुळजाबाई समोरच्या दारात परत गेल्या. तंजावरच्या घरात आलेल्या माणसाने कॉफीला नको म्हणणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं.

मुरळीला फोन लावला. आवाज तरुण आणि घाईतला, मराठी अडखळत, मधेच इंग्रजी. "अंकल, फोटो जेन्युइन आहे. त्या बाल्कनीतूनच काढलेला. दहा वर्षांमागें."

"आणि भिंत?"

"ती नंतर आली, अंकल." तो म्हणाला की फोनवरून घरं देणाऱ्या कंपनीच्या नियमात परतावा बसत नाही, तरी दहा टक्के तो स्वतःहून देईल, आणि रविवारी प्रत्यक्ष येईल. मी म्हटलं, दहा टक्के कशाचे? त्याला सांगता आलं नाही. ज्या आकड्याचा हिशोब सांगता येत नाही तो आकडा मी घेत नाही. मी वही काढली आणि पंचनामा लिहायला बसलो. गॅलरीच्या कठड्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर नऊ फूट चार इंच भरलं. वातानुकूलन यंत्रातून पलंगाच्या उशाशी पाणी टपकत होतं. 'सुसज्ज' स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती, पण तिच्यावर तापेल असं एकही भांडं नव्हतं. पंच म्हणून मंदाची सही घेतली. ती तिने केली, पण इतक्या हळू की मला वाईट वाटलं. ती महिनाभर तो फोटो शेजारणींना दाखवत होती.

म्हणून मी ठरवलं की परताव्याचं होईल ते होईल, सूर्य तरी तिला दाखवायचाच. निघण्यापूर्वी घरातल्या कॅलेंडरावरची सूर्योदयाची वेळ मी वहीत उतरवून घेतली होती: सात वाजून आठ मिनिटं. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून आम्ही पावणेसातला किनाऱ्यावर पोचलो. चांगली वीस मिनिटं हाताशी होती. वाळूतून मंदाला धरून धरून पुढे नेलं, कारण रस्त्यावरून होड्या आड येत होत्या. होड्या मागे टाकून मान वर केली तर सूर्य पाण्यापासून हातभर वर आलेला, चांगला पांढरा, आणि फिरायला आलेली मंडळी घराकडे परतत होती.

मी घड्याळ पाहिलं. वही पाहिली. मग सगळं डोक्यात आलं. कॅलेंडर मुंबईचं होतं. देश एवढा रुंद, सूर्य आधी इकडे येणार आणि मग तिकडे, हे चौथीच्या मुलाला ठाऊक असतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासली आणि स्वतःचं माप अर्ध्या तासाहून जास्त खोटं निघालं. मंदाला सांगितलं तेव्हा ती वाळूत बसली आणि हसत सुटली. हसता हसता तिने डोळे पुसले. "आता पंचनाम्यात हेही लिहा," ती म्हणाली. मी लिहिलं. संध्याकाळपर्यंत तिचा गुडघा सुजला. पुन्हा वाळूत जायचा विषय संपला.

पुढचे दोन दिवस आम्ही आसपासच हिंडलो, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मजेत हिंडलो. देवळाजवळच्या खानावळीत केळीच्या पानावर भात वाढताना वाढपी थांबतच नाही, थांबवण्यासाठी पानावर आडवा हात धरावा लागतो. शेवग्याचं सांबार, वर रसम, शेवटी ताक. रस्त्यावरच्या गाड्यावर मी कॉफी प्यायलो. ती चांगली होती, पण मंदा म्हणाली की तुळजाबाईंची याहून चांगली आहे. तिला कसं कळलं, असं विचारलं तर म्हणाली, "मी कुठे खात्यात नोकरीला होते?" मी आंघोळीला गेलो की बाईसाहेब समोरच्या दारात.

शत्रूच्या गोटातून बातम्याही यायला लागल्या. तुळजाबाईंनी स्वतः माणूस बोलावून टपकणारं यंत्र नीट करून घेतलं. लोखंडी तवा आणि पातेली पाठवली. मी पंचनाम्यातली ती दोन कलमं खोडली आणि समोर तारीख घातली. "त्या विचारत होत्या," मंदा म्हणाली, "तुमचे राव काफी कां घेत नाहींत, अमच्या हातचं चालत नाही कां?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, तपासणी चालू आहे. त्यांना पटलं. म्हणाल्या, अमचे येजमान पण असेच."

फुलबाजारात मला एक नवं माप भेटलं. इथे गजरा विकतात तो मोळमवर (कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी). विकणारी बाई स्वतःच्याच हातावर माळ ताणते आणि कापते. मी तर थक्कच झालो. ज्याचा हात लांब त्याच्याकडे फूल जास्त, ज्याचा आखूड त्याच्याकडे कमी, आणि यावर ना शिक्का ना तपासणी. मोजपट्टी काढून मी तीन विक्रेत्यांचे हात मोजायची परवानगी मागितली. दोघींनी हसत दिली. तिसरी म्हणाली ते मंदाला कळलं नाही तरी सूर कळला. सव्वा इंचाचा फरक भरला. पण मोजून झाल्यावर पहिल्या बाईने माळ कापली ती कोपराच्या पुढे, चांगली चार बोटं. "कोसुरु," ती म्हणाली. कोसुरु म्हणजे आपला वरताळा, मापावर घातलेलं. भाजीवाला मूठभर कढीपत्ता टाकतो तोही कोसुरुच. मी मोजपट्टी गुंडाळून खिशात घातली.

त्याच फेरीत मी माझं खरं काम उरकलं. आमच्या घराएवढीच, तसलीच, पण समुद्र न दिसणारी तीन घरं आसपास भाड्याने मिळत होती. तिघांचाही भाव एकवीसशेच्या आसपास. म्हणजे रोजचे चौदाशे आम्ही समुद्राचे दिले होते. पाच रात्रींचे सात हजार. बरोबर दोन रात्रींचं भाडं. इतका स्वच्छ हिशोब निघाला की मला रात्री चांगली झोप लागली.

रविवारी मुरळी आला. तिशीचा, चष्मा, हातात हेल्मेट. आम्ही तुळजाबाईंच्या बैठकीत बसलो. त्यांनी चार पेले मांडले आणि माझ्यापुढचा न विचारता उचलून बाजूला ठेवला. मी पंचनामा वाचला: नऊ फूट चार इंच, खोडलेली दोन कलमं, तीन घरांचे भाव. कॅलेंडरची चूकही वाचली.

मुरळीने तीच पकडली. "अंकल, सनराइज तर तुमच्याच मिस्टेकने गेला."

"म्हणूनच त्याचे पैसे मागितले नाहीत," मी म्हणालो. "वाळूतला सूर्योदय माझ्या खात्यावर. गॅलरीतला तुझ्या."

तुळजाबाई म्हणाल्या, "तो फोटो दाखव मज." मुरळीने फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, मग फोन जवळ धरून पुन्हा पाहिला.

"हा तुझ्या काकांनी काढला," त्या शेवटी म्हणाल्या. "घर घेतलें त्या सालीं. खुर्च्या नव्या होत्या. त्या समुद्राला भुलून अमीं आवडी सोडली." मग त्या भाच्याकडे वळल्या. "जें नाहीं तें विकलेंस. अस्के पैसे परत दे."

मुरळी काही बोलायच्या आत मीच बोललो. "सगळे नकोत."

"कां नकोत?"

"आम्ही झोपलो, न्हालो, तुमच्या तव्यावर धिरडी केली. कमी माप खोटं, तसं जास्त मापही खोटंच. सात हजार."

"दहा," तुळजाबाई म्हणाल्या.

"सात."

मुरळी आमच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. असा सौदा त्याने पूर्वी पाहिला नसणार. मंदा कॉफी पीत होती आणि हसू दाबत होती. दहा मिनिटांनी आम्ही सातावर आलो आणि मुरळीने सुटकेचा श्वास टाकला. त्याने फोनवर काय काय दाबलं. पैसे कंपनीमार्फत तीन-चार दिवसांत यायचे होते.

"आतां घ्या काफी," तुळजाबाई म्हणाल्या.

मला फार अवघड झालं, पण पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय प्रकरण बंद होत नाही. मी तसं सांगितलं. मंदाने कपाळावर हात मारला. तुळजाबाईंना मात्र राग आला नाही. त्यांनी पेला आत नेला आणि दारातून वळून म्हणाल्या, "तुमचें माप भरलें. मज अजून कोसुरु द्यायचा आहे. सकाळीं साडेपांचला तयार राहा. वैनींना वाळू नाहीं."

आमच्या मुक्कामाची ती शेवटची सकाळ होती. तुळजाबाई नवी साडी नेसून, हातात थर्मास घेऊन दारात उभ्या. आम्ही खाली उतरलो, फाटकाबाहेर पडलो, आणि त्या थेट त्या पिवळ्या इमारतीत शिरल्या. पायरीवर मात्र थांबल्या. "चार वर्सं झालीं," त्या म्हणाल्या. "हें बांधत होते तेव्हां मीं भांडलें, अर्ज टाइप केले. मग सांगटलें, यांच्या पायरीला पाय लावणार नाहीं. कालच इथल्या सेक्रेटरीबाईला फोन केला." मी त्यांच्याकडे पाहिलं. माझा नेम नेमच होता. त्यांचाही होता, आणि तो त्यांनी परक्या बाईच्या गुडघ्यासाठी मोडला होता. मला स्वतःची थोडी लाज वाटली.

सेक्रेटरीबाई लिफ्टपाशी उभी होती. दोघी क्षणभर एकमेकींकडे पाहत राहिल्या. "वांगो (या)," ती म्हणाली. गच्चीवर तिने खुर्च्यासुद्धा मांडून ठेवल्या होत्या.

समुद्र तिथेच होता, भिंतीमागे, सांगितल्याप्रमाणे. आधी करडा, मग कडेला तांबूस. होड्या काळ्या दिसत होत्या. मग पाण्याच्या कडेवर लाल टोक निघालं, आणि मंदा, जी एरवी सिनेमातसुद्धा बोलते, ती गप्प झाली. सूर्य पाण्यातून सुटताना खालून थोडा ताणल्यासारखा झाला आणि सुटला. मंदाने माझा हात धरला होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फार थोडं मागितलं, आणि त्यातलं हे मी देऊ शकलो नव्हतो. ते दुसऱ्या कोणी दिलं याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

तुळजाबाई कुठे आहेत म्हणून मी मागे पाहिलं. त्या समुद्राकडे पाठ करून पलीकडच्या कठड्याशी उभ्या होत्या आणि खाली पाहत होत्या. मी जवळ गेलो. खाली त्यांची गॅलरी दिसत होती, आमच्या दोन वेताच्या खुर्च्या दिसत होत्या.

"इकडून एवढीशी दिसते," त्या म्हणाल्या. "अमीं तिथें बसायचों. तुमास तुमचे सात हजार मिळाले. अमचा समुद्र कोण परत देईल?" त्या हे तक्रारीच्या सुरात बोलल्या नाहीत, साधं विचारावं तसं बोलल्या. याचा भाव काढायला आसपास तीन घरं नव्हती.

तेवढ्यात सेक्रेटरीबाई मागे येऊन उभी राहिली आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाली. तुळजाबाईंनी एकदा खाली गॅलरीकडे पाहिलं. मग मान हलवली.

"काय म्हणाली?" मंदाने विचारलं.

"रोज येवा मणते. चावी देते मणते." त्या थर्मासचं झाकण फिरवू लागल्या. "बघूं."

त्यांनी पेले भरले. वाफ निघत होती, वर फेस होता. एक पेला त्यांनी हातात धरून ठेवला, पुढे केला नाही, नुसता धरला. पैसे जमा व्हायला अजून तीन दिवस होते. मी हात पुढे केला आणि पेला घेतला. मंदाचं म्हणणं खरं होतं. गाड्यावरच्या कॉफीहून ती कितीतरी चांगली होती.

कराडला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी सात हजार जमा झाले, ना रुपया कमी ना जास्त. मुरळीने फोटो बदलला आहे. आता तिथे भिंत दिसते, पाइपसकट, आणि भाडं एकवीसशे लिहिलं आहे. गेल्या आठवड्यात तुळजाबाईंचा फोन आला होता. त्या गच्चीवरून बोलत होत्या. मागे वारा ऐकू येत होता आणि कोणी दुसरी बाई तमिळमध्ये हसत होती.

पंचनामा मी फाइलला लावला. लावण्यापूर्वी तळाशी एक कलम वाढवलं, कारण जे घडलं ते लिहिलंच पाहिजे: तपासणी चालू असताना निरीक्षकाने जागेच्या मालकिणीकडून कॉफी घेतली, पेले दोन. पंच म्हणून मंदाची सही आहे, आणि या वेळी ती तिने झटकन केली.